निलगिरीचे तेल घरात असू द्या, पण बाळाच्या जवळ नको

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नाशिकला राहते, वय ६६. गेल्या महिन्यात मुलगी काही दिवस माहेरी आली होती. बरोबर आठ महिन्यांची नात आणि चार वर्षांचा नातू. दोघांनाही सर्दी झाली, तेव्हा नेहमीच्या सवयीने मी नातीच्या झबल्याला निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब लावले आणि नातवाला बताशावर एक थेंब घालून दिला. बालरोगतज्ज्ञांना हे कळताच त्यांनी माझी चांगलीच कानउघाडणी केली. मला फार वाईट वाटले, कारण माझी तिन्ही मुले याच तेलावर वाढली. यजमानांना बारा वर्षांपासून अपस्माराच्या गोळ्या चालू आहेत. तेही थंडीत रोज रात्री याच तेलाचा वाफारा घेतात. हे तेल खरोखरच इतके वाईट आहे का? वापरायचे तर कोणी आणि कसे? उटीहून आणलेली मोठी बाटली घरात आहे, तिचे काय करू? – एक आजी, नाशिक

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही शेवटी ओझरती लिहिली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. यजमानांचा निलगिरीचा वाफारा आज रात्रीपासून बंद करा. त्यांच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका. निलगिरी आणि कापूर या दोन्ही पदार्थांमध्ये मेंदूला उत्तेजित करून आकडी आणण्याचा गुण आहे, आणि ज्याला आधीच अपस्मार आहे त्याच्या बाबतीत त्यासाठी हे तेल पोटात जायलाच हवे असे नाही. नाकावाटे आणि त्वचेवाटे जाणारा अंशही काही जणांना पुरतो. बंगळूरच्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या पुढाकाराने दक्षिण भारतातील काही रुग्णालयांत आकडी आलेल्या प्रौढ रुग्णांना कोणती तेले आणि कोणते बाम वापरता, हे पद्धतशीरपणे विचारले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साधारण सहापैकी एका रुग्णाच्या आकडीचा संबंध अशा सुगंधी तेलांशी, विशेषतः निलगिरी आणि कापराशी, असल्याचे दिसले. त्यांत काही जणांना पूर्वी कधीच आकडी आलेली नव्हती, तर काही जणांचा आटोक्यात असलेला अपस्मार पुन्हा डोके वर काढत होता. म्हणून पुढच्या भेटीत यजमानांच्या डॉक्टरांना हा वाफारा, कपाळाला लावायचा बाम, गुडघ्याला चोळायचे तेल असे सगळे आठवून सांगा. ही माहिती डॉक्टर बहुधा विचारत नाहीत आणि रुग्णालाही ती सांगण्याजोगी वाटत नाही, कारण बामला आपण औषध मानतच नाही.

आता नातवंडांविषयी. पत्रावरून दिसते की त्या प्रसंगाला बरेच दिवस झाले आहेत आणि दोघेही ठीक आहेत. निलगिरीच्या विषबाधेची लक्षणे बहुधा अर्ध्या तासाच्या आत आणि क्वचित काही तासांनी दिसतात. ती तेव्हा दिसली नाहीत, तर आता त्या एका थेंबाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. डॉक्टर रागावले ते त्या एका थेंबामुळे नसावेत. एक थेंब ज्या बाटलीतून येतो ती बाटली मुलांच्या हाताशी असते, आणि त्या बाटलीतून काय घडू शकते हे त्यांनी रुग्णालयात पाहिलेले असते. मीही एक प्रसंग पाहिला आहे. औषधशास्त्र शिकवण्याआधी मी काही वर्षे औषधांच्या दुकानात काम करत असे. एका रात्री दुकान बंद करायच्या सुमारास एक बाई लहान मुलाला खांद्यावर घेऊन धावत आली. वीज गेलेली असताना खोकल्याचे औषध समजून तिने निलगिरीचे तेल चमचाभर पाजले होते. मुलाच्या तोंडाला उग्र वास येत होता, ते वांती करत होते आणि मान धरत नव्हते. आम्ही रिक्षा करून त्यांना रुग्णालयात पोहोचवले. मुलाला रात्रभर ऑक्सिजनवर ठेवावे लागले, ते वाचले. दोन्ही बाटल्या तपकिरी काचेच्या आणि जवळपास सारख्याच आकाराच्या होत्या, आणि त्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या.

चमचाभर म्हणजे पाच मिलीलिटर. लहान मुलाला गुंगी आणायला त्याहून कमी तेलही पुरते, आणि पाच मिलीलिटर पोटात गेल्यास बेशुद्धी, आकडी आणि श्वास मंदावणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. हे तेल पातळ आणि उडणारे असल्यामुळे गिळताना किंवा उलटीच्या वेळी त्याचे थोडे थेंब श्वासनलिकेत शिरले, तरी फुप्फुसाला सूज येते. म्हणून असे काही घडले तर मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये, दूध किंवा तूप पाजू नये. बाटली बरोबर घेऊन मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. मूल हसत-खेळत असले तरी न्यावे, कारण गुंगी चढायला फार वेळ लागत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन करते. हे दोन्ही क्रमांक मुलीच्या फोनमध्येही साठवून ठेवायला सांगा.

तुमचा मूळ प्रश्न असा, की हे तेल इतके वाईट आहे का. माझ्या मते ते वाईट नाही. ते औषध आहे, आणि आपण त्याला औषधाचा मान देत नाही ही अडचण आहे. ‘वनस्पतीचे आहे, आपले जुने आहे, मग अपाय कसला?’ असे घरोघर म्हटले जाते. वास्तविक ते आपले फारसे जुनेही नाही. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. औषधी तेलासाठी ज्या जातीचा लौकिक आहे ती टास्मानिया आणि आग्नेय ऑस्ट्रेलियात वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, १८४३ च्या सुमारास, इंग्रजांनी उटीच्या परिसरात सरपणाची सोय व्हावी म्हणून ती लावायला सुरुवात केली, आणि त्या निलगिरी पर्वतावरूनच आपण झाडाला आणि तेलाला नाव दिले. पानांपासून हे तेल व्यापारी प्रमाणावर काढायला ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियामध्ये १८५२ साली जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने सुरुवात केली. म्हणजे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत निलगिरी असण्याचा प्रश्नच येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण परंपरेच्या नावाखाली मिळणारी सूट या तेलाला लागू होत नाही.

पाने वाफेवर ऊर्ध्वपातित करून जे तेल मिळते त्याचा निम्म्याहून अधिक, चांगल्या प्रतीच्या तेलात तर सत्तर टक्क्यांहूनही अधिक भाग सिनिओल नावाच्या एकाच द्रव्याचा असतो. तो उग्र, थंडगार वास त्याचाच. ढीगभर पानांतून थोडेसेच तेल निघावे इतके हे सार दाट असते, आणि आपण मात्र ओल्या पानांचा काढा आणि बाटलीतले तेल यांत फरक करत नाही. सिनिओलने कफ पातळ होण्यास मदत होते हे खरे आहे. जर्मनीमध्ये शुद्ध सिनिओल मोजून भरलेल्या कॅप्सूल श्वासनलिकेच्या दाहावर आणि सायनसच्या सुजेवर दिल्या जातात, आणि त्यांवर बरे अभ्यासही झाले आहेत. पण ते मोजलेले, विशिष्ट आवरणात बांधलेले औषध आहे, आणि बताशावर टाकलेला थेंब तसा नसतो. थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडावर ठरतो, झाकणातली नळी सैल असली तर एकाऐवजी पाच पडतात, आणि बाटलीत सिनिओल किती आहे हे उटीच्या दुकानातल्या बाटलीवर बहुधा लिहिलेलेही नसते. म्हणून बताशावरचा उपाय लहानांसाठी आणि मोठ्यांसाठीही सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वासाने नाक मोकळे होते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाही, पण त्याचा अर्थ आपण चुकीचा लावतो. ब्रिटनमधील कार्डिफ येथे १९८३ साली काही निरोगी माणसांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ देऊन त्यांच्या नाकातून हवा किती सहज जाते हे यंत्राने मोजले गेले. नाक मोकळे झाल्याचे बहुतेकांनी सांगितले, पण यंत्रावर हवेच्या वाटेत फरक दिसला नाही. नाकाच्या आतील थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंना हे पदार्थ चेतवतात आणि मेंदूला ‘गार हवा आत येते आहे’ असा निरोप जातो. सर्दीने हैराण झालेल्या प्रौढ माणसाला रात्री त्या निरोपानेही झोप लागत असेल, तर ते मोलाचेच आहे. मात्र आठ महिन्यांच्या बाळाला त्या भावनेचा उपयोग नाही. त्याचे नाक शेंबडाने भरलेले तसेच राहते, आणि वर त्याच्या नाजूक श्वासमार्गात तो उग्र वास शिरतो. मेंथॉल तान्ह्या मुलांच्या नाकपुडीला लावल्याने श्वास काही क्षण थांबल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. बाजारातील छातीला चोळायच्या मलमांवरही दोन वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये, असे छापलेले असते. म्हणून झबल्याला, दुपट्याला, पाळण्याच्या दोरीला निलगिरी लावू नका, आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या छातीलाही लावू नका.

याच ओघात ओवा आणि कापराच्या पुरचुंडीविषयीही लिहिते, कारण तुमच्या घरी ती असणारच. गरम केलेल्या ओव्याने तळपाय किंवा छाती हलकेच शेकण्याला माझा विरोध नाही, शेक बाळाला सोसेल इतका सौम्य असला म्हणजे झाले. पण त्यात कापूर घालून ती पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी ठेवणे धोक्याचे आहे. बाळ ती तोंडात घालते, आणि कापराचा लहानसा खडा पोटात गेला तरी काही मिनिटांत आकडी येऊ शकते. अमेरिकेत त्वचेला लावायच्या औषधांत ११ टक्क्यांहून अधिक कापूर असू नये अशी मर्यादा १९८० च्या दशकात घातली गेली, ती अशाच अपघातांमुळे. देवघरातल्या कापराची डबीही त्यामुळे वरच्या फळीवर जायला हवी. ‘भीमसेनी’ असला म्हणून तो पोटात चालतो असे नाही.

मग सर्दी झालेल्या नातीसाठी काय करावे? औषधांच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब दर पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन घाला. शेंबूड सैल होतो आणि तिला दूध ओढता येते. दूध थोडे थोडे पण वारंवार पाजा. साधी सर्दी आठवडा ते दहा दिवस घेते, आणि तेवढा धीर धरणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे. बाळ शांत असताना त्याच्या पोटाच्या हालचालीवरून श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला मुलीला शिकवा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा त्याहून अधिक श्वास होत असतील, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरचे सगळे उपाय बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावेत. नातू चार वर्षांचा आहे, त्यामुळे त्याला रात्री खोकला लागला तर अर्धा ते एक चमचा मध द्यायला हरकत नाही. उलट झोपेसाठी तो उपयोगी पडतो. नातीला मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नका.

प्रौढांनी, म्हणजे तुम्ही स्वतः, हे तेल कसे वापरावे याचे उत्तर तुलनेने सोपे आहे, जर तुम्हाला दमा किंवा आकडीचा त्रास नसेल तर. उग्र वासाने दम्याचा झटका येतो असे अनेकांना अनुभवाने माहीत असते. त्यांनी या वाटेला जाऊ नये. रुमालावर एक-दोन थेंब टाकून तो नाकापासून वीतभर दूर धरून वास घ्यावा. वाफारा घ्यायचा असेल तर पाणी उकळून पातेले गॅसवरून उतरवावे, ते खाली पाटावर नव्हे तर हलणार नाही अशा टेबलावर ठेवावे, पाण्याची पहिली सणसणीत वाफ जाऊ द्यावी आणि मगच दोन थेंब टाकून डोळे मिटून पाच-सात मिनिटे श्वास घ्यावा. पेटत्या गॅसजवळ तेल टाकू नये, कारण पन्नास अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. समईत किंवा पणतीत सुगंधासाठी ते घालणेही त्याच कारणाने टाळावे. आणि वाफाऱ्याच्या वेळी नातवंडे खोलीत नसावीत. वाफाऱ्याचे पातेले अंगावर उलटून भाजलेली मुले हा जगभरातील रुग्णालयांचा नेहमीचा अनुभव आहे, तर सर्दी लवकर बरी करण्यात वाफेचा ठोस फायदा अभ्यासांमधून सिद्ध झालेला नाही. तुम्हाला त्याने बरे वाटते, म्हणून तुम्ही घ्या. मुलांना मात्र टॉवेलखाली बसवू नका.

गुडघे किंवा कंबर चोळण्यासाठी ते कधीही नुसते लावू नये. तीस मिलीलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात बारा थेंब, म्हणजे साधारण दोन टक्के, हे प्रमाण पुरेसे आहे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. लाली आली किंवा खाज सुटली तर वापरू नये. जखमेवर, चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ लावू नये, आणि लावल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण त्याच हातांनी तुम्ही नातीला उचलून घेणार आहात. घरात मांजर असेल तर तिच्याबाबतही हीच काळजी घ्यावी. मांजराच्या यकृताला असे पदार्थ पचवून बाहेर टाकणे फार कठीण जाते आणि अंगाला लागलेले तेल ती चाटून काढते.

घरकामात मात्र निलगिरी खरोखर गुणाची आहे, आणि मला वाटते तिचा सर्वांत निर्धोक उपयोग तिथेच आहे. बरणीवरच्या लेबलाचा डिंक तिने चटकन निघतो. लोकरीची पांघरुणे, रजया यांच्यात राहणारे धुळीतील सूक्ष्म किडे अनेकांच्या शिंका आणि दम्याचे कारण असतात. सिडनीमधील संशोधकांनी १९९७ साली दाखवले होते, की धुण्याच्या पाण्यात निलगिरीचे तेल मिसळल्याने ते मोठ्या प्रमाणात मरतात. थंडी सुरू होण्याआधी पांघरुणे अशी धुवून कडक उन्हात वाळवली, तर यजमानांच्याही सर्दीची तक्रार कदाचित कमी होईल. तेल पूर्ण उडून जाईपर्यंत ती त्यांच्या अंगावर देऊ नका, एवढेच.

बाजारात लिंबाच्या वासाची निलगिरीही मिळते. ती वेगळी जात आहे. तिच्या तेलात सिनिओलऐवजी सिट्रोनेलाल अधिक असते आणि डासांना पळवण्यासाठी ती विकली जाते. तिच्यापासून प्रक्रिया करून बनवलेले डासरोधकही तीन वर्षांखालील मुलांना लावू नये असा सल्ला दिला जातो, त्यामुळे नातीसाठी मच्छरदाणीच बरी.

आता उटीच्या बाटलीविषयी. तिच्यावर वनस्पतीचे नाव, उत्पादनाचा परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का ते पाहा. हे सर्व असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर ती चोळण्यासाठी वापरता येईल. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या बाटल्यांवर अनेकदा नुसते ‘शुद्ध निलगिरी’ असते. तसे असेल तर ती लादी पुसण्यासाठी आणि पांघरुणे धुण्यासाठी राखून ठेवा आणि अंगाला लावायला दुकानातून लेबल असलेली लहान बाटली घ्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत तेल ओतून ठेवू नका, ते काही प्रकारच्या प्लॅस्टिकला विरघळवते. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण आणि कपाटाचा वरचा, कुलपाचा कप्पा ही तिची जागा. खोकल्याची औषधे, ओवाअर्क आणि ग्राइप वॉटर यांच्या रांगेत ती असता कामा नये. बाटलीवर कोरा कागद चिकटवून त्यावर लाल शाईने, यजमानांना चष्म्याशिवायही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत, ‘पोटात घेऊ नये’ असे लिहा, आणि मुलगी पुढच्या वेळी येण्याआधी ते करून ठेवा.